दात, घास आणि शब्द

दात म्हणजे चावण्याचे हत्यार, एवढीच आम्हां कामकरी लोकांची समजूत. आपल्या जुन्या वैयाकरणांनी मात्र ‘त’, ‘ल’, ‘स’ यांना दंत्य आणि ‘व’ला दंतोष्ठ्य म्हणून दातांचे वाणीतील स्थान कधीच ओळखले होते. मराठीत तर ‘चाक’ शब्दातला ‘च’ही दातांशी सलगी करतो. पुढे १९५३ साली अमेरिकेत मेयर सिल्व्हरमन यांनी कवळीची उंची बोलण्यावरून मोजण्याची रीत मांडली. ‘स’ उच्चारताना वरखालचे दात अगदी जवळ येतात, पण भिडत नाहीत. कवळी उंच झाली, की ते खटखटतात. तेव्हा श्रोतेहो, मालवण बंदरावरील हमालाने नवी कवळी नुसता घास चावून पारखू नये; ‘साठ, सत्तर’ मोजूनही पाहावे. मजुरी मागायची असते ती तोंडानेच!