गावचा कर्मचारी कोणाला जबाबदार? ब्रह्मपुरी परिसरातील स्थानिक स्वराज्य संस्था आणि कर्मचारी-नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने निवडणुका, निधी आणि विकासकामे यांकडे वेधले जाते. या संस्थांचे काम प्रत्यक्षात पार पाडणारा शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका किंवा शिपाई कोणी नेमला, त्याची बदली कोणी केली आणि त्याने कामात कुचराई केल्यास त्याला जाब कोणी विचारला, हा प्रश्न मात्र बहुधा दुय्यम ठरतो. वास्तविक नागरिकाला शासन दिसते ते या कर्मचाऱ्याच्या रूपाने. शाळेचे कुलूप सोमवारी उघडते की बुधवारी, यावरच खेड्यातील माणसाचे स्वराज्याविषयीचे मत ठरत असते.

प्रस्तुत निबंधात जुन्या चांदा जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तहसील व तिच्या लगतचा वैनगंगेपलीकडील प्रदेश यांच्या संदर्भात कर्मचारी-नियंत्रणाच्या या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. नियंत्रणाचे केंद्र गाव, तहसील, जिल्हा आणि राज्य या क्रमाने वर सरकत गेले. गावाच्या वाट्याला देखरेखीचा अधिकार आला, परंतु निर्णयाचा आला नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

मालगुजारी काळातील ग्रामसेवा

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली. त्यानंतर चांदा जिल्ह्यात ल्युसी स्मिथ यांच्या देखरेखीखाली जमाबंदी झाली व मालगुजारी पद्धती स्थिर झाली. मालगुजार हा सारावसुलीचा धनी होताच. पुष्कळदा गावचा मुकद्दमही तोच असे. गावाची राखण करणारा, जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर पोहोचविणारा आणि येणाऱ्याजाणाऱ्या अधिकाऱ्यांची बरदास्त ठेवणारा कोतवाल हा गावाच्याच धान्यावर जगत असे. पटवारी मात्र सरकारी यंत्रणेशी बांधलेला होता.

या व्यवस्थेत कर्मचारी आणि गाव यांच्यातील अंतर नाममात्र होते. कोतवाल रात्री कोठे होता हे विचारण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नसे. परंतु या जवळिकीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कोतवालकी बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींकडे, विशेषतः महार समाजाकडे होती. त्यांच्यावरील ‘नियंत्रण’ म्हणजे मालगुजाराची मर्जी आणि जातीची सक्ती यांचे मिश्रण होते. सेवाशर्ती लिखित नव्हत्या आणि अन्यायाविरुद्ध दाद मागण्याची सोयही नव्हती. पुढील काळात कर्मचाऱ्याला गावापासून दूर नेणारे जे नियम झाले, त्यांमागील एक न्याय्य प्रेरणा येथे शोधावी लागते.

लोकल बोर्ड ते जनपद सभा

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्यप्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा झाला. त्यानुसार जिल्हा कौन्सिल व तिच्या अंतर्गत लोकल बोर्डे अशी रचना झाली. मंडळातील मुकद्दमांनी आपले प्रतिनिधी निवडावेत अशी तरतूद असल्याने या संस्थांवर मालगुजार वर्गाचे वर्चस्व स्वाभाविक होते. शाळा, रस्ते, दवाखाने, कोंडवाडे ही कामे या संस्थांकडे आली आणि त्याबरोबर पगारी नोकरवर्गही आला. १९२० च्या कायद्याने या संस्थांना अधिक लोकाभिमुख रूप दिले. तथापि शिक्षक कौन्सिलचा आणि शाळेची तपासणी करणारा अधिकारी सरकारचा, अशी दुहेरी व्यवस्था कायम राहिली. पगार देणारा एक आणि शेरा मारणारा दुसरा, हा पेच त्या काळापासून चालत आला आहे.

दरम्यान १९०५ मध्ये चांदा व ब्रह्मपुरी तहसिलींतील जमीनदारी मुलूख वेगळा काढून गडचिरोली तहसील निर्माण करण्यात आली. वैनगंगेच्या पूर्वेकडील जंगलपट्टीसाठी स्वतंत्र तहसील कचेरी असावी लागते, हे प्रशासनाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केले होते.

या प्रश्नाला सर्वांत धाडसी उत्तर १९४८ मध्ये दिले गेले. मध्यप्रांत व वऱ्हाडचे तत्कालीन मंत्री पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने त्या वर्षीचा स्थानिक शासन कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिलांच्या जागी तहसीलनिहाय जनपद सभा स्थापन झाल्या. जनपदाचा मुख्य कार्यकारी अधिकारी हा महसूल खात्याचा उपविभागीय पातळीवरील अधिकारीच असे. सरकारी नोकर आणि लोकल बोर्डाचा नोकर हे दोन समांतर प्रवाह तहसिलीच्या ठिकाणी एका हाताखाली आणावेत, ही त्यामागील कल्पना होती. तहसील हे या योजनेचे एकक असल्याने ब्रह्मपुरीसारख्या ठिकाणाला त्यामुळे प्रशासकीय वजन लाभले. एखाद्या गावाला शिक्षकाबद्दल गाऱ्हाणे मांडायचे असेल तर ते मांडण्याचे ठिकाण बैलगाडीच्या पल्ल्यात होते.

जनपद योजनेची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. कार्यकारी अधिकारी शासनाचा असल्याने निर्वाचित सभेला त्याच्यावर हुकमत नव्हती. त्याचप्रमाणे एका तहसिलीच्या उत्पन्नावर तांत्रिक कर्मचारी पोसणेही अवघड होते. तरीही नियंत्रण आणि काम यांच्यातील अंतर कमी करणारा असा प्रयोग विदर्भात त्यानंतर झाला नाही, हे नमूद केले पाहिजे.

१९६२ : जिल्हा परिषद आणि ‘जिल्हा सेवा’

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर जून १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मार्च १९६१ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानला. त्यावर आधारित महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा १ मे १९६२ पासून अंमलात आला. जनपद सभा इतिहासजमा झाल्या. शासनाच्या अनेक खात्यांचे कर्मचारी जिल्हा परिषदेकडे आले आणि जिल्हा तांत्रिक सेवा व जिल्हा सेवा असे स्वतंत्र संवर्ग अस्तित्वात आले.

कर्मचारी प्रशासनाच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. शिस्त व अपील नियम १९६४ मध्ये, तर वर्तणूक नियम आणि सेवाप्रवेश नियम १९६७ मध्ये झाले. आरोपपत्र, चौकशी, बचावाची संधी आणि विभागीय आयुक्तांकडे अपील या टप्प्यांमुळे मर्जीच्या जागी नियम आला. शिक्षकाला केवळ पुढाऱ्याची खप्पा मर्जी झाली म्हणून घरी बसविणे आता शक्य नव्हते. या सुरक्षिततेच्या आधारावरच कर्मचारी संघटना बळावल्या. महागाई भत्त्याच्या प्रश्नावर १९७७-७८ मध्ये झालेला ५४ दिवसांचा संप हा राज्य कर्मचाऱ्यांबरोबरच जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्याही स्मरणात राहिलेला लढा होय.

परंतु याच रचनेत मुख्य कार्यकारी अधिकारी हा शासननियुक्त सनदी अधिकारी राहिला. नेमणूक व शिस्त यांची सूत्रे त्याच्या हाती आली. निर्वाचित सभागृहाला त्याला परत पाठविण्याचा अधिकार आहे, परंतु त्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांचा ठराव लागतो. पंचायत समिती ही तालुक्याची निर्वाचित संस्था खरी. तथापि तिचा गटविकास अधिकारी राज्याच्या विकास सेवेतील आणि बाकी कर्मचारी जिल्हा संवर्गातील. त्यामुळे १९४८ मध्ये तहसिलीला लाभलेले वजन १९६२ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी गेले.

चांदा जिल्ह्यापुरता याचा अर्थ फार वेगळा होता. आजच्या चंद्रपूर जिल्ह्याचे ११,४४३ आणि गडचिरोली जिल्ह्याचे १४,४१२ चौरस किलोमीटर मिळून पंचवीस हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा प्रदेश एकाच जिल्हा परिषदेच्या कक्षेत होता. ब्रह्मपुरीपासून चंद्रपूर शंभर किलोमीटरहून दूर, आणि सिरोंचा तर दुसऱ्या टोकाला गोदावरीकाठी. पुणे किंवा सातारा जिल्ह्यासाठी योग्य ठरलेले जिल्हा हे एकक या जंगलप्रदेशात देखरेखीसाठी अवाढव्य होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला; त्यामागे या अंतराचाही भाग होता. ब्रह्मपुरी मात्र चंद्रपूर जिल्ह्यातच राहिली.

अवघड क्षेत्राचा प्रश्न

जिल्हा संवर्गाचा एक परिणाम असा की, कर्मचाऱ्याची निष्ठा गावापेक्षा बदलीच्या यादीशी जोडली गेली. वनप्रदेशातील नेमणूक ही शिक्षा समजली जाऊ लागली. यावर उपाय म्हणून शासनाने ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वरची वेतनश्रेणी देऊ केली. प्रोत्साहनाने माणूस येतो. तो गावात राहतो की नाही, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

बदल्यांतील मनमानीला आळा घालणारा २००५ चा बदली व दप्तर दिरंगाई प्रतिबंधक कायदा जुलै २००६ पासून शासकीय कर्मचाऱ्यांना लागू झाला. जिल्हा परिषद शिक्षकांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने अवघड व सर्वसाधारण अशी क्षेत्रे पाडून संगणकीय बदलीपद्धती आणली. २०२१ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. वशिल्याचा शिरकाव कमी करणे हा त्यामागील हेतू रास्तच आहे. परंतु बदलीचे सूत्र आता जिल्ह्याच्याही वर, राज्यस्तरीय संगणकप्रणालीत गेले. ज्या गावाचा शिक्षक बदलतो त्या गावाला या प्रक्रियेत कोठेही स्थान नाही.

ग्रामसभेचा अधिकार : कायदा आणि व्यवहार

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले. मात्र ते राबविणारा कर्मचारी कोणाचा, याविषयी घटनादुरुस्ती मौन बाळगते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांपुरते हे मौन सोडले. सामाजिक क्षेत्रांतील संस्था व कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा व योग्य स्तरावरील पंचायतीकडे असावा, असे हा कायदा म्हणतो. महाराष्ट्राचे पेसा नियम त्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी, २०१४ मध्ये झाले. धानोरा, कुरखेडा, एटापल्ली हे भाग अनुसूचित क्षेत्रात येतात, ब्रह्मपुरी तालुका येत नाही. नदीच्या दोन काठांवरील गावांना त्यामुळे एकाच प्रकारच्या कर्मचाऱ्याबाबत भिन्न अधिकार प्राप्त झाले आहेत.

राज्याच्या इतर भागांसाठी महत्त्वाची तरतूद २००३ च्या दुरुस्तीने ग्रामपंचायत अधिनियमात आली. पंचायत क्षेत्रात काम करणाऱ्या शासकीय, निमशासकीय व पंचायत कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचे शिस्तविषयक नियंत्रण राहील; त्यांच्या उपस्थितीची खातरजमा आणि कामाचे वार्षिक मूल्यमापन ग्रामसभा करील व अनियमिततेबाबत गटविकास अधिकाऱ्याला कळवील, असा या तरतुदीचा आशय आहे. कागदावर पाहता १८८३ पासूनच्या इतिहासात गावाला मिळालेला हा सर्वांत मोठा अधिकार होय.

व्यवहारात त्याला तीन अडथळे आहेत. पहिला असा की, ग्रामसभेने कळवायचे आणि कारवाई वरिष्ठाने करायची. मूल्यमापन सेवापुस्तकात उमटलेच पाहिजे असे बंधन नाही. दुसरा अडथळा अधिक सूक्ष्म आहे. ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिणारा सचिव हा ग्रामसेवकच असतो. ज्याच्या कामाचे मूल्यमापन व्हायचे, त्याच्याच लेखणीतून ते नोंदले जाते. तिसरा अडथळा सामाजिक आहे. ग्रामसभेत उभे राहून शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या गैरहजेरीबद्दल बोलणाऱ्याचे मूल दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत आणि आजारी म्हातारा त्याच दवाखान्यात जाणार असतो.

कर्मचारी मुख्यालयी राहतो याविषयी ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरविणारा २०१९ चा शासन निर्णय या दृष्टीने बोलका आहे. शिस्तीचा व्यापक अधिकार घरभाड्याच्या दाखल्यापुरता आकुंचित झाल्याचे त्यात दिसते. २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नवे नामाभिधान देण्यात आले. पदनामात पंचायत आली, तरी संवर्ग जिल्ह्याचाच राहिला.

वैनगंगेपलीकडे आणखी एक मार्ग अवलंबिण्यात आला. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी काही पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांमधून भरण्याचे ठरले. गडचिरोलीतील इतर मागास समाजांत त्याविरुद्ध असंतोष उमटला. आंध्र प्रदेशातील अशाच स्वरूपाचे शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये अवैध ठरविल्याने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. गोंडी वा माडिया बोलणारा शिक्षक वर्गात असणे निःसंशय मोलाचे आहे. तथापि स्थानिक जन्म आणि स्थानिक उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्मचारी त्याच गावचा असला तरी त्याला जाब विचारणारा जिल्ह्यालाच असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कर्मचाऱ्याला नियमांचे संरक्षण मिळणे आणि त्याचे नियंत्रण दूर जाणे, या दोन घटना १९६२ मध्ये एकाच वेळी घडल्या. त्यामुळे त्या अविभाज्य आहेत असा समज रूढ झाला. वस्तुतः शिक्षेचा अधिकार व अपील वरच्या पातळीवर ठेवून उपस्थिती, रजा व वार्षिक मूल्यमापन गावापाशी आणणे शक्य आहे.

२. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या स्थानिक शासनविषयक अहवालात पंचायतींना राज्याच्या कायद्याच्या चौकटीत राहून कर्मचारी नेमण्याचा व सेवाशर्ती ठरविण्याचा अधिकार असावा, अशी शिफारस केली होती. मालगुजारी काळाचा अनुभव लक्षात घेता नेमणुकीचा अधिकार थेट गावाकडे देण्यात जातीय व राजकीय दडपणाचा धोका आहे. तालुका हे एकक त्यासाठी अधिक योग्य ठरते आणि जनपद सभेचा अनुभव त्या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्याजोगा आहे.

३. ग्रामसभेने केलेल्या मूल्यमापनाची नोंद त्या गावच्या कर्मचाऱ्याऐवजी अन्य गावच्या कर्मचाऱ्याने घ्यावी आणि ती सेवापुस्तकाशी जोडली जावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीला नियमांची जोड पुरेशी आहे.

ब्रह्मपुरी जिल्हा व्हावा ही मागणी या परिसरात दीर्घकाळ होत आहे. तिचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. कार्यालय जवळ आले म्हणजे उत्तरदायित्व जवळ येतेच असे नाही. १९८२ नंतरच्या गडचिरोलीतही दुर्गम गावांतील रिक्त पदांचा व गैरहजेरीचा प्रश्न उरलाच. जिल्हा नवा असो वा जुना, शाळेचे कुलूप का उघडले नाही हे विचारण्याचा आणि त्याचे उत्तर मिळविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावरच येथील स्वराज्याची पारख होईल.