दोन मिलीचा चमचा

अंगणवाडीत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाटलीबरोबर प्लास्टिकचा एक चमचा येतो. त्याच्या मध्यावर रेघ असते. रेघेपर्यंत १ मिली, म्हणजे १ लाख युनिट. काठोकाठ भरला की २ लाख. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर अर्धा, पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी पूर्ण. गोवंडीच्या वस्तीत काय नि गडचिरोलीच्या पाड्यावर काय, सेविका मुलाची हनुवटी धरते, पिवळं, तेलकट औषध तोंडात सोडते आणि गिळल्याची खात्री झाली की पुढच्याला हाक मारते.

याचा पूर्वज माशाचं तेल. १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांना लोण्यात आणि अंड्यात उंदरांची वाढ राखणारा घटक सापडला. तोच पुढे ‘अ’ ठरला. माशांच्या यकृतात तो भरपूर. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड लिव्हर ऑइल येईना, तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मुशीच्या यकृताचं तेल काढू लागले. ते रोज पाजायचं, वर तो वास! १९४७च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ओटो इस्लर यांनी हे जीवनसत्त्व कारखान्यात बनवण्याची रीत बसवली आणि मोठा डोस थोडक्या औषधात मावू लागला.

‘अ’ यकृतात महिनोन्‌महिने साठून राहतं. याच गुणावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भिस्त ठेवली. तेव्हा ‘अ’च्या अभावी गरीब घरांतल्या मुलांना आधी रातांधळेपणा यायचा, मग बुबुळावर फूल पडून दृष्टीच जायची. संस्थेने आधी वर्षातून एकदा ३ लाख युनिट देऊन पाहिली. १९७० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो सहामाही २ लाखांचा.

१९८६मध्ये आल्फ्रेड सोमर यांनी इंडोनेशियातल्या आचे प्रांतातून दाखवलं की या डोसाने बालमृत्यूही सुमारे एक तृतीयांश घटतात. डोळ्यांचं औषध जीव वाचवणारं म्हणून जगभर गेलं. २००१मध्ये आसामच्या मोहिमेत मात्र चमच्याऐवजी ५ मिलीचे कप वाटले गेले. मुलं आजारी पडली, काही दगावल्याच्या बातम्या आल्या, कारणावरून वाद पेटला. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांच्या चाचणीत मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. तो निष्कर्ष २०१३मध्ये छापून आला.

पालेभाजी, अंडं, दूध ताटात येईपर्यंतची ही तात्पुरती सोय, अशीच मूळ बोली होती. ज्यांच्या कारकिर्दीत संस्थेने हा डोस घडवला, त्या सी. गोपालन यांनीच पुढे सरसकट डोसांना जाहीर विरोध केला. पन्नास वर्षं उलटली, तरी ती सोय चालूच आहे.