वरचें दूध : त्याची सिद्धता व साठवण यांचा धांडोळा

अंजनगांव सुर्जी हें नांव इतिहासाच्या पुस्तकांत येतें तें बहुधा एकाच कारणानें. ता. ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामध्यें तह झाला तो येथें. त्यापूर्वीं पंधरा दिवस गाविलगड पडला होता. तहाच्या कलमांत अंतर्वेदीचा मुलूख, भडोच आणि अहमदनगर यांचा हिशेब आहे. परंतु त्या हिंवाळ्यांत गांवांत व छावणींत जीं मुलें जन्मलीं, त्यांतील ज्यांच्या आयांस दूध पुरलें नसेल तीं काय प्यालीं, याचा हिशेब कोणत्याही कलमांत नाहीं. राज्यांचे इतिहास पुष्कळ झाले. शिंपल्याचा व बोंडल्याचा इतिहास लिहावयाचा राहिला. प्रस्तुत लेखांत त्याची रूपरेषा देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयीं दोन मतें सर्वत्र ऐकूं येतात. पहिलें असें कीं, अंगावरच्या दुधास वरच्या दुधाची जोड देणें ही परदेशी डब्याबरोबर आलेली चाल आहे व आमच्या पूर्वजांस ती ठाऊक नव्हती. दुसरें असें कीं, डबा येण्यापूर्वीं जें कांहीं होतें तें सारें अज्ञान होतें. हीं दोन्ही मतें पुराव्यापुढें टिकत नाहींत, आणि दोहोंमुळें आजही मुलांचें नुकसान होतें, म्हणून त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे.

१. शास्त्रग्रंथांचा पुरावा

चरक व सुश्रुत या दोघांनींही शारीरस्थानांत धात्रीचा, म्हणजे दाईचा, विचार सविस्तर केला आहे. तिचें वय, प्रकृति, शील हीं पाहावीं. तिचें स्वतःचें मूल जिवंत असावें. तिच्या दुधाचा थेंब पाण्यांत टाकला असतां तो पाण्याशीं एकरूप व्हावा, असे त्यांचे नियम आहेत. दूध कां आटतें हें सांगतांना सुश्रुतानें क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव हीं कारणें दिलीं आहेत. बाळंतिणीच्या मनाचा तिच्या दुधाशीं संबंध आहे ही गोष्ट आजचें वैद्यकही मान्य करितें. चिंतेनें व वेदनेनें दूध उतरण्यास अडथळा येतो. ‘हिला दूधच नाहीं’ असें बाळंतिणीच्या तोंडावर बोलणाऱ्या घरांनीं हा उल्लेख अवश्य वाचावा.

आमच्या विषयाचें मर्म याच्या पुढें आहे. दूध अपुरें असेल तर तें पुरेसें होईपर्यंत मुलास शेळीचें किंवा गाईचें दूध बेतानें द्यावें, असें सुश्रुत सांगतो. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत हेंच सांगून सिद्धतेचा प्रकारही दिला आहे : तें दूध लघुपंचमुळांनीं, म्हणजे सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी व गोखरू यांच्या मुळांनीं, सिद्ध करून साखर घालून पाजावें. येथें तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. जोड तात्पुरती आहे, अंगावरचें दूध बंद करण्यासाठीं नाहीं. तिला माप आहे. आणि दूध कढविल्यावांचून द्यावयाचें नाहीं. मुळ्यांचे गुण कांहींही असोत, त्या निमित्तानें दूध व पाणी उकळत होतें, ही गोष्ट लहान नव्हे.

पण शास्त्रकारांचें सर्वच मत आज ग्राह्य आहे असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. प्रसूतीनंतर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीं दूध उतरतें, तोंवर मध व तूप द्यावें, असा सुश्रुताचा पक्ष आहे. चरक मात्र मध-तूप चाटविल्यानंतर लगेच उजव्या अंगास मूल लावण्यास सांगतो. या दोन पक्षांत आजच्या विज्ञानानें चरकाच्या बाजूनें निर्णय दिला आहे. पहिला पिंवळसर चीक मुलाचें रोगांपासून रक्षण करितो व तो जन्मानंतर पहिल्या तासांतच मिळावा असें ठरलें आहे. मध मात्र एक वर्षाच्या आंत चाटवूं नये, कारण त्यांतील जंतूंपासून तान्ह्या मुलास क्वचित् प्राणघातक विषबाधा होते. बालचतुर्भद्र चूर्णांत नागरमोथा, अतिविष व काकडशिंगी यांच्या जोडीस पिंपळी असते, आणि अंजनगांवचे पानमळे व पिंपळीचे वेल प्रसिद्धच आहेत. तेव्हां हें चूर्ण मधांतून चाटविण्याची चाल येथें घरोघर परिचित असणें स्वाभाविक आहे. म्हणूनच हा इशारा येथें मुद्दाम दिला आहे.

२. इतिहासाचा व भाषेचा पुरावा

राजघराण्यांत जोड देण्याचा मार्ग म्हणजे दूधआई. शंभूराजांचा जन्म ता. १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृति ठीक नसल्यामुळें कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिनें त्यांस दूध पाजिलें, अशी परंपरा आहे. सईबाई ता. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं वारल्या. दूधआई व दूधभाऊ हे शब्द या व्यवहारांतून निर्माण झालेलें नातेंच दाखवितात.

दाईचें स्वतःचें मूल जिवंत असावें असा नियम होता हें वर सांगितलेंच. मग त्या मुलाच्या वांट्यास काय येत असे, हा प्रश्न शास्त्रकारांनीं विचारला नाहीं. लोककथेनें तो निराळ्या रीतीनें विचारला आहे. रायगडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी दरवाजे मिटल्यावर कडा उतरून तान्ह्याकडे गेली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ती कथा म्हणूनच घ्यावी. तथापि गडास दूध पुरविणारीचें मूल गडाखालीं उपाशी, ही त्या कथेंतील वस्तुस्थिति शेतांत मजुरीस जाणाऱ्या प्रत्येक बाईस ओळखीची आहे. एस. टी. च्या स्थानकांवर स्तन्यपानासाठीं राखलेल्या खोल्यांस ‘हिरकणी कक्ष’ हें नांव मिळालें तें उचितच झालें.

दाई ठेवण्याची ऐपत नसलेल्यांचा इतिहास कागदांत नाहीं, तो भाषेंत आहे. ‘मी कांहीं बोळ्यानें दूध पीत नाहीं’ हा वाक्प्रचार आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला. त्याचा अर्थ विद्यार्थ्यांस येई, पण बोळा कसला तें ठाऊक नसे. कापसाचा किंवा मऊ वस्त्राचा बोळा दुधांत भिजवून मुलाच्या तोंडांत पिळावयाचा, हा तो प्रकार. त्यावरची पायरी शिंपला व पळी. त्याहून वरची म्हणजे तोटीचें बोंडलें. ‘वरचें दूध’ हा शब्दच ‘अंगावरचें दूध’ या शब्दाच्या जोडीनें सिद्ध झालेला आहे. ज्या गोष्टीस भाषेनें इतके शब्द दिले ती परकी म्हणतां येत नाहीं.

३. डब्याचें आगमन

इ. स. १८६५ त जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें गव्हाचें पीठ, मोड आणलेलें धान्य व गाईचें दूध यांपासून शिशूंसाठीं एक मिश्रण सुचविलें. १८६७ त स्वित्झर्लंडमधील वेवे येथें नेस्ले यानें दूध व पीठ यांची भुकटी विक्रीस काढिली. मुंबईंत ग्लॅक्सो नांवाच्या शिशुअन्नाच्या विक्रीसाठीं १९२४ सालीं मंडळी स्थापन झाली. पुढें आणंदच्या सहकारी संघानें, ज्याची स्थापना १९४६ ची, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधनाच्या साह्यानें म्हशीच्या दुधापासून शिशुअन्न तयार केलें.

डब्याचा खरा गुण मापांत आहे. मातेच्या दुधांत प्रथिनें शेंकडा सुमारें १ असतात, गाईच्या दुधांत तिपटीहून अधिक. साखर मात्र मातेच्या दुधांत शेंकडा ७ च्या आसपास, गाईच्या दुधांत ५ हून कमी. म्हणून साध्या दुधांत पाणी व साखर घालून मेळ बसविण्याचे यत्न घरोघर झाले. परंतु पाण्यानें स्निग्धांश व इतर पोषकेंही पातळ होतात. सहा महिन्यांच्या आंतील मुलास असें घरगुती दूध देऊं नये, तें केवळ निरुपाय म्हणून, असें आजचें मत आहे.

डब्याचा दोष डब्याबाहेर होता. १९३९ सालीं सिंगापूर येथें डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं एका व्याख्यानांत दुधाच्या जाहिरातींस बालहत्येचें कारण ठरविलें. निरोगी मातांचें दूध सुटलें, पाणी अशुद्ध होतें, आणि डबा महाग म्हणून भुकटी कमी व पाणी जास्त असें होऊं लागलें. १९८१ त जागतिक आरोग्य परिषदेनें या विक्रीस नियम घातले. भारतांत १९९२ सालीं कायदा झाला व २००३ सालीं तो अधिक कडक झाला. याच सुमारास, १९८९ त, मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें आशियांतील पहिली मातृदुग्ध पेढी निघाली. दूधआईची जुनी संस्था तेथें नव्या रूपानें, तपासलेल्या व तापविलेल्या दुधानें, उभी राहिली.

४. सिद्धता व साठवण

आतां व्यवहाराकडे वळूं. जोड देणें खरोखर अवश्य आहे काय, हें प्रथम ठरवावें. मूल रडतें एवढ्यावरून दूध कमी असें ठरत नाहीं. वजन नियमानें वाढत असेल व पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रींत सहा किंवा अधिक वेळां लघवी होत असेल तर दूध बहुधा पुरेसें असतें. निर्णय वैद्यांच्या सल्ल्यानें घ्यावा. जोड द्यावयाची तर मूल आधीं अंगावर घ्यावें, मग वरचें दूध द्यावें. कारण मूल जितकें ओढतें तितकें दूध उतरतें.

भुकटी निर्जंतुक असते असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा आहे. तींत क्वचित् घातक जंतु असतात, व त्यांपासून विशेषतः दोन महिन्यांच्या आंतील व अपुऱ्या दिवसांच्या मुलांस धोका असतो. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आंत, तें ७० अंशांहून थंड होण्यापूर्वीं वापरावें. आधीं पाणी मोजावें, मग डब्यावर लिहिल्याप्रमाणें सपाट मापें घालावीं. भांडें थंड पाण्यांत धरून दूध कोमट करावें व मनगटावर थेंब टाकून पाहावें. महागाईमुळें एक माप वांचविणें म्हणजे मुलास भरल्या पोटीं उपाशी ठेवणें होय. असें मूल रडत नाहीं, नुसतें वाळतें.

पाजण्यास वाटी किंवा पळी बाटलीहून बरी. तोटी व बुचाचे सांधे नीट धुतां येत नाहींत, वाटी उकळतां येते. बोंडल्याचाही हाच दोष होता.

साठवणीचा नियम वऱ्हाडांतील गृहिणीस समजावून सांगण्याची गरज नाहीं. उन्हाळ्यांत थेंबभर विरजण पातेलें कसें लावितें हें ती रोज पाहते. मुलाच्या तोंडचें उरलेलें दूध म्हणजे पुढच्या दुधास विरजणच. फरक इतकाच कीं, येथें लागतें तें दही नव्हे. म्हणून केलेलें दूध दोन तासांच्या आंत संपवावें, उरलेलें टाकावें. शीतकपाट असेल तर न उष्टावलेलें दूध ५ अंशांच्या खालीं चोवीस तासांपर्यंत राहतें. जुन्या घरीं दुधाणें गोवरीच्या निखाऱ्यावर दिवसभर तापत असे. तेंही जोंवर खरोखर कढत होतें तोंवर सुरक्षित, कोमट झालें कीं घातक. उघडलेला डबा कोरडा व घट्ट झांकलेला ठेवून त्यावर तारीख लिहावी व महिन्याच्या आंत संपवावा.

५. उपसंहार

येणेंप्रमाणें पाहतां असें दिसतें कीं, वरचें दूध ही आमच्याकडील जुनीच गोष्ट असून दुधाइतकाच किंबहुना अधिक धोका पाणी, भांडें व वेळ यांत राहत आला आहे. माप व उकळणें ह्या दोन गोष्टी वाग्भटाच्या पाकांतही आहेत आणि डब्यावरील सूचनांतही आहेत; ज्या घरीं त्या पाळल्या गेल्या तेथें मुलें जगण्याची आशा अधिक राहिली. तेव्हां वरचें दूध देणाऱ्या आईस दोष देऊं नये, आणि अंगावर पाजणाऱ्या आईस डब्याचा मोहही दाखवूं नये. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुन्या खर्चाच्या वह्या असतील त्यांनीं बाळंतपणाच्या महिन्यांतील पानें अवश्य पाहावीं. दाईचा पगार, शेळीची किंमत, बोंडल्याची खरेदी अशी एखादी ओळ सांपडली तर ती मंडळाकडे पाठवावी. गडकोटांच्या हिशेबाइतकीच तिची किंमत आम्ही समजतों.