नाव गुप्त, पत्ता उघड : मद्यासक्तांच्या सभांचा प्रारंभ

आपल्याकडे मद्याचा इतिहास बहुधा गुत्ता, अबकारी आणि दारूबंदी यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. १९०८ मधील पुण्याच्या गुत्त्यांवरील निरोधन किंवा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हे त्यातील ठळक टप्पे. या लेखनात पिणारा मनुष्य क्वचितच दिसतो. दिसलाच तर उपदेशाचा किंवा शिक्षेचा विषय म्हणून. मद्य सोडू इच्छिणाऱ्यास आपल्यासारख्यांची सभा सापडावी कशी, हा प्रश्न अशा इतिहासात उद्भवतच नाही. वस्तुतः या सभांची सारी घडण त्याच प्रश्नाभोवती झालेली आहे.

एप्रिल १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी चेज नामक गृहस्थाच्या मद्यगृहात जमणाऱ्या सहा जणांनी एक संस्था स्थापन केली. शिंपी, सुतार, लोहार अशा कारागीर वर्गातले हे लोक. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावावरून त्यांनी संस्थेचे नाव ठेविले. पूर्वीच्या मद्यनिषेधक संस्था न पिणाऱ्यांनी चालविलेल्या असत. येथे वक्ताही मद्यपी आणि श्रोताही मद्यपी. दर आठवड्यास सभा भरे, प्रत्येकाने आपली हकिगत सांगावयाची आणि पुढील सभेस एक नवा मनुष्य आणावयाचा. सभा आरंभी त्या मद्यगृहातच भरत. चांगली गिऱ्हाइके हातची जाऊ लागल्यावर मालकिणीने हरकत घेतली, असे सांगतात. ज्याला सभा हवी तो जेथे सापडावयाचा तेथेच ती भरत होती, ही गोष्ट मला संस्थेच्या प्रतिज्ञापत्राहून महत्त्वाची वाटते.

चळवळ वणव्यासारखी पसरली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे केलेल्या भाषणात अब्राहम लिंकनने मद्यमुक्त मनुष्य हाच या कार्याचा खरा वकील होय, असे प्रतिपादन केले. परंतु या उघडपणातच धोका होता. जॉन गफ हा त्या चळवळीतून पुढे आलेला नामांकित वक्ता १८४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे आठवडाभर बेपत्ता झाला आणि नशेत सापडला. आपल्याला पेयातून काही घातले गेले, असा खुलासा त्याने केला. वृत्तपत्रांना मात्र मेजवानी मिळाली. एका वक्त्याचा तोल जाताच चळवळीची पत डळमळू लागली. पुढे कायद्याने दारूबंदी करावी की नाही, अशा वादांतही संस्था ओढल्या गेल्या. दशक संपण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी त्या विराम पावल्या होत्या.

दुसरा अध्याय ओहायोमधील ॲक्रन येथे सुरू होतो. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन व्यवसायाच्या कामात अपयश पदरी घेऊन तेथील मेफ्लॉवर हॉटेलात उभा होता. मद्य सोडून त्यास पाचच महिने झाले होते. एकीकडे मद्यगृहाचा गलबला, दुसरीकडे टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने वॉल्टर टंक्स या धर्मोपदेशकास फोन केला, मिळालेल्या नावांवरून पुढे चौकशी केली आणि अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंचा पत्ता लागला. १२ मे रोजी त्यांच्या घरी डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक त्यास भेटले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. विल्सन उपदेश करावयास आला नव्हता. स्वतःस सावरण्यासाठी त्यास दुसऱ्या मद्यपीची गरज होती. याच भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ हा संघ उदयास आला.

पण अनाम संघाचा शोध लागावा कसा? प्रारंभी डॉक्टर, धर्मोपदेशक, शेजारीपाजारी हेच मार्गदर्शक. १९३९ मध्ये क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ पत्रातील लेखमालेने चौकशांचा ओघ सुरू झाला. १ मार्च १९४१ रोजी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडरचा लेख आला आणि संघाच्याच अंदाजाप्रमाणे सुमारे दोन हजारांची सदस्यसंख्या वर्षअखेर आठ हजारांवर गेली. वृत्तपत्रांनी गफला बुडविले होते. संघाला त्यांनी वाढविले. भेद इतकाच, की येथे संघाचे नाव व टपालाचा पत्ता उघड होता, माणसाचे नाव मात्र झाकलेले. विल्सनने १९४५ मध्ये संघाच्या मासिकात वॉशिंग्टनवाल्यांच्या ऱ्हासाची चर्चा केली. वृत्तपत्रे, आकाशवाणी व चित्रपट यांपुढे सदस्याने नाव प्रकट करू नये आणि संघाने बाहेरच्या वादांत मत देऊ नये, हे दंडक १९४६ मध्ये मांडले गेले व १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात मान्य झाले.

१९५७ मध्ये या सभा मुंबईत सुरू झाल्या. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि परवान्यावाचून पिणे हा गुन्हा होता. अमेरिकेत अनामिकता अब्रू राखीत होती. मुंबईत कालपरवापर्यंत पिणाऱ्याने चारचौघांत तसे सांगणे म्हणजे एका अर्थी गुन्ह्याची कबुली ठरत होती. येथे नाव न विचारण्याच्या प्रथेला अधिक वजन आले असावे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हा दारूबंदी शिथिल होऊन बराच काळ लोटला होता, आणि व्यसन हा रोग होय ही भूमिका मराठी वाचकास उघडपणे सांगता येत होती.

अभ्यासकापुढील अडचणही या अनामिकतेतूनच आली आहे. या सभा हजेरीपट ठेवीत नाहीत आणि सदस्यांच्या याद्या प्रसिद्ध करीत नाहीत. गुत्त्यांचा इतिहास अबकारी खात्याच्या दप्तरांतून काढता येतो. या सभांचा काढावयाचा तर जुन्या वृत्तपत्रांतील पत्त्याच्या चार ओळी आणि ज्यांनी खोल्या वापरावयास दिल्या त्या चर्चेसची व शाळांची कागदपत्रे येथूनच आरंभ करावा लागेल.