दोन आवाजांचे नाटक

आल्बेनियन जीवनावरचे एक आरंभीचे गाजलेले नाटक आल्बेनियन भाषेत लिहिलेलेच नव्हते. सामी फ्राशरी यांचे ‘बेसा’ १८७४ साली इस्तंबूलमध्ये रंगले ते तुर्कीत. लेखक आल्बेनियन, पात्रे आल्बेनियन. दिलेल्या शब्दाखातर बाप पोटच्या मुलाला मारतो, हे कथानकही तिथलेच. पण उस्मानी राजधानीत नाटक करायचे, तर भाषा तुर्की. आल्बेनियनमध्ये ते आले १९०१ साली, भाषांतर होऊन. लॅटिन लिपीवर एकमत व्हायला तर १९०८ ची मनास्तिर परिषद उजाडावी लागली. ‘बेसा’ म्हणजे दिलेला शब्द, इमान आणि अभय, तिन्ही एकदम. मराठीत यातला एक अर्थ धरला की उरलेले दोन निसटतात.

पुढे नाटक आल्बेनियनमध्ये स्थिरावले, तेव्हा प्रश्न बदलला : कोणती आल्बेनियन? श्कुंबिन नदीच्या उत्तरेला गेग बोली, दक्षिणेला तोस्क. फरक नुसत्या शब्दांचा नाही. ‘आवाज’ या अर्थाचा गेग शब्द नाकात उच्चारला जातो, तोस्क शब्द नाही. क्रियापदाचे एक रूप गेगमध्ये आहे, तोस्कमध्ये ते वेगळ्या रचनेने भागवावे लागते. म्हणजे उत्तरेतल्या नटाचे तोंड बदलायचे, तर त्याचा श्वासही बदलावा लागतो.

१९४५ साली तिरानात सरकारी व्यावसायिक रंगभूमी सुरू झाली. सत्ता कम्युनिस्टांची होती, नेतृत्वात दक्षिणेचे वजन जास्त होते. १९७२ च्या तिराना परिषदेने प्रमाणभाषा ठरवली, ती मुख्यतः तोस्कच्या पायावर. काय बोलायचे यावर पहारा होताच. मिनुश येरो यांचे ‘न्योलात ए मुर्मे’ हे नाटक १९६९ साली वादात सापडले, बंद पडले. पुढे लेखक आणि दिग्दर्शक मिहाल लुआरासी, दोघेही तुरुंगात गेले. आता कसे बोलायचे तेही ठरले. श्कोदर या उत्तरेतल्या जुन्या साहित्यकेंद्रात विनोदी प्रहसनांतून बोली कानावर पडत राहिली. गंभीर नाटकाने मात्र प्रमाणभाषा धरली.

मला सर्वांत मोठे नुकसान इथे दिसते. एखादी बोली फक्त हसण्यापुरती उरली, की ती बोलणाऱ्याला रंगमंचावर स्वतःच्या भाषेत रडता येत नाही. आपल्याला हे परके वाटू नये. ‘वस्त्रहरण’ने मालवणीला अफाट लोकप्रियता दिली, त्याचबरोबर मालवणी ऐकताच प्रेक्षक हसायला सरसावून बसू लागला. म्हणून गेग बोलणाऱ्या पात्राला मराठीत मालवणी देणे मला पटत नाही. उत्तरेच्या डोंगरातली आई मुलाच्या प्रेतापाशी बोलेल आणि आपल्या सभागृहात खसखस पिकेल.

मी बोलीला बोली जुळवत नाही. दोन बोलण्यांतले अंतर जपते. घरात पात्र आखूड, ठसठशीत वाक्यांत बोलते. अधिकाऱ्यासमोर त्याच्याच तोंडी जड, पुस्तकी मराठी येते. भाषा बदलताना ते जिथे अडखळते, तिथेच मला नाटक दिसते. तिथला अडखळा मी गुळगुळीत करत नाही.