खोली भाड्याची, हक्क आपला

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची मुलं शिकायला, कामाला कोल्हापुरात खोली घेऊन राहतात. काही जणी स्वतःही भाड्यानं राहतात. घरमालक म्हणाला, "उद्या खोली रिकामी करा," की आपण भांडी बांधायला घेतो. पण नुसत्या सांगण्यावरून घर सोडावं लागू नये, यासाठी आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून कायदे होत आले आहेत.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरं कमी पडली, भाडी भडकली. म्हणून १९१८ साली भाड्याला लगाम घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली. मग १९४७ मध्ये मुंबई प्रांताचा मोठा भाडे कायदा आला. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढे आपलं शहरही या कायद्याखाली आलं.

या कायद्यानं दोन गोष्टी केल्या. ठरलेलं भाडं देणाऱ्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय काढता येईना. आणि जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधलं गेलं. पहिली गोष्ट टिकली, दुसरी अंगाशी आली. भाडं वाढेना, म्हणून मालक डागडुजी करेनात. इतकी वर्षं भाडं गोठवणं अन्यायाचं आहे, असं १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

आता भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. पण भाडं थकलं तरी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबल्याशिवाय मालकाला त्यासाठी दावा लावता येत नाही. खोली सोडावी म्हणून पाणी, वीज तोडणं हा गुन्हा आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी करून त्याची नोंदणी करणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकानं द्यायचा.

नवरा वारला की मालक म्हणतो, "व्यवहार त्यांच्याशी होता." तसं नाही. राहत्या घरात भाडेकरूसोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूचा हक्क येतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार वेगळा असतो. मुदत संपली की खोली सोडावी लागते, नाहीतर दुप्पट पैसे भरावे लागतात. म्हणून सही करण्याआधी करार वाचून घ्या. दुसरं, हा कायदा प्रत्येक गावाला लागू नाही. जिथे तो नाही, तिथे महिन्याच्या भाड्यानं राहणाऱ्याला १८८२ च्या कायद्याप्रमाणे निदान १५ दिवसांची नोटीस मिळायला हवी. आणि कुठल्याही गावात जबरदस्तीनं बाहेर काढलं, तर ६ महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात दावा करता येतो.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

पुढच्या बैठकीला येताना आपापली पावती घेऊन या. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी या महिन्याचं भाडं देताना मागून घ्या. आणि ती कुणाच्या नावावर आहे, तेही बघा.