पुण्याच्या प्लेगपासून धारावीपर्यंत

पटकी, देवी, प्लेग, मानमोडी ही नावे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी असत. घरात उंदीर पडून मेला की गाव काय ते समजून चुके, आणि बिऱ्हाडे उचलून शेतामळ्यांत झोपड्या घालून राही. खेड्यांत हा उपाय चालण्याजोगा होता, कारण गावाबाहेर जागा होती. शहरातील दाट वस्तीत राहणाऱ्याने मात्र कोठे जावयाचे? या प्रश्नाची जुनी-नवी हकीकत भगिनींपुढे मांडावी, असे मनात आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. गोदीजवळची धान्याची कोठारे, त्यांतले उंदीर आणि एकेका खोलीत दाटीने राहणारी कष्टकरी माणसे. रोगाला आणखी काय हवे होते? फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सोल्जर मार्चपासून घरे झडू लागले. माजघरात काय, देवघरात काय, बुटांसकट शिरत. रोग्याला उचलून नेत, घरच्यांना वेगळ्या छावणीत धाडीत. स्त्रियांना तर या तपासणीची रोगापेक्षा अधिक धास्ती वाटे. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांचे हाल होतात, अशी जाहीर तक्रार पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रातून केली. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत.

त्याच साथीतली दुसरी हकीकत मात्र घरोघर सांगितली जात नाही. सावित्रीबाई फुले त्या वेळी ६६ वर्षांच्या होत्या. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे झाली होती. मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळच्या ससाणे यांच्या माळावर दवाखाना काढला. ज्यांना कोणी शिवत नसे अशांना त्या स्वतः तेथे आणीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तपासणी त्यांनाही टाळता येत नव्हती. परंतु दारात उभे राहणारे माणूस ओळखीचे होते. माझ्या मते सगळा फरक तेथेच आहे.

मुंबईत हाच धडा सरकारला दंगलीतून मिळाला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या घरातील एका आजारी मुलीला तपासण्यावरून लोक खवळले, आणि गोळीबारापर्यंत पाळी आली. पुढे जबरदस्ती सैल करावी लागली. निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग-रुग्णालये काढली होती, पुण्यात टिळकांनीही एक चालविले. तेथे आपल्या माणसाच्या हातचे पाणी मिळे, म्हणून रोगी लपविण्याचे कारण उरत नसे. हाफकिनसाहेबांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती, तरी लोक बिचकत. तेव्हा आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले.

आता आपल्या डोळ्यांदेखतचा काळ. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत करोनाचा पहिला रोगी सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागा आणि आठ-दहा लाख माणसे! दहा बाय दहाच्या खोलीत आठजण राहतात, तेथे घरातच वेगळे राहा, हा उपदेश काय कामाचा? शौचालयही सार्वजनिक; हात धुवा म्हणावे, तर नळ चार घरांत एक. म्हणून तेथे वेगळा मार्ग धरावा लागला. वस्तीतच दवाखाने चालविणारे डॉक्टर महापालिकेबरोबर गल्लोगल्ली हिंडले. आरोग्यसेविका दारोदार ताप नि प्राणवायू मोजीत. शाळा, मंगल कार्यालये व क्रीडासंकुल यांत संशयितांची सोय झाली, जेवणखाण फुकट मिळाले, रमझानात रोजे धरणाऱ्यांच्या वेळा सांभाळल्या. शौचालये दिवसातून कित्येकदा धुतली जात. मुळातली खरी कामगिरी हीच, आणि ती करणाऱ्यांची नावे कोणी छापली नाहीत.

जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले. २५ डिसेंबरला तेथे एकही नवा रोगी आढळला नाही. तथापि सगळे श्रेय व्यवस्थेला देणे बरे नव्हे. पुष्कळ मजूर आधीच गावी परतले होते. शिवाय त्याच जुलैत मुंबईच्या तीन विभागांतील झोपडपट्ट्यांची रक्ततपासणी झाली, तीत ५७ टक्के लोकांना रोग नकळत होऊन गेल्याचे दिसले. आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांची कामे गेली ती कित्येकींना पुन्हा मिळाली नाहीत. त्याची मोजदाद कोणत्याच अहवालाच्या पहिल्या पानावर नसते.

१८९७ चा तो कायदा १२३ वर्षांनी याही साथीत लागू केला गेला. २०२१ च्या वसंतात रोगी पुन्हा वाढले. तोवर लस धारावीतच टोचली जाऊ लागली होती. पण लोक पहिल्यांदा बिचकलेच. तेव्हा वस्तीतल्याच बायका पुन्हा एकेक दार ठोठावीत निघाल्या.